धबधब्यापर्यंत रस्ता नको, पायवाटच राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आपल्या गोव्यातल्या रानातल्या धबधब्यांपर्यंत सरकारनं सरळ डांबरी रस्ता न्यावा, पायऱ्या बांधाव्यात, रेलिंग घालावं, बाजूला पार्किंग करावं, म्हणजे पर्यटन वाढेल आणि बुडण्याचे प्रकारही थांबतील. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, त्यांच्या आईला गुडघ्यांमुळे अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं हे वाचून मलाही वाईट वाटलं. पण त्यांची सूचना मला अजिबात पटली नाही आणि गप्प बसवेना म्हणून हे लिहिते आहे, थोडं लांबलंय, तरी काटछाट न करता छापाल अशी आशा आहे.

मी कुडचड्याची. नेत्रावळी आमच्यापासून लांब नाही, माहेरचं नातं आहे तिथं, त्यामुळे सावरीच्या धबधब्यावर लहानपणापासून जाणं होतं. चेकपोस्टवर नाव लिहायचं, पैसे भरायचे, थोडं अंतर गाडी आणि मग पायी. वाट काही फार मोठी नाही, दमछाक होईल अशीही नाही, पण शेवटी शेवटी मुळांवरून आणि ओल्या दगडांवरून जपून पाय टाकत उतरावं लागतं, आणि त्या सगळ्या वेळात माणूस आपोआप हळू होतो. बोलणं कमी होतं. आधी व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, आवाज एका बाजूनं येतो, मग झाडीत बुडतो, परत वळणावर मोठा होऊन येतो, धबधबा दिसायच्या कितीतरी आधी तो ऐकू येत असतो. हे सगळं गाडी धबधब्यासमोर नेऊन लावली तर मिळणार आहे का? तिथं उरेल काय, तर वरून पडणारं पाणी आणि त्याच्यासमोर फोटो.

लोक म्हणतात रानात काय बघायचं, सगळं हिरवंच. अहो, जरा थांबून बघा तरी. किंदळ, माट्टी, नाणा ही आपली नेहमीची झाडं सुरुवातीला असतात, मग जसजसे ओलाव्याच्या जागेत शिराल तसा उजेड कमी होत जातो, भेरली माड दिसायला लागतात, वेताच्या काटेरी जाळ्या येतात, झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ आणि नेचे, फांद्यांवर ऑर्किड. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी आत ठिबकतच असतं, कारण वरच्या पानांवरचं पाणी खालच्या पानांवर, तिथून खाली, असं मजल्यामजल्यानं येतं आणि शेवटी पालापाचोळ्यात मुरतं. तेच मुरलेलं पाणी पुढं कितीतरी दिवस झिरपत व्हाळात येत राहतं, म्हणून तर पावसाळा संपून दसरा, दिवाळी झाली तरी सावरीला पाणी असतं. रान उभं आहे म्हणून धबधबा आहे. डोंगराची कड कापून रस्ता काढला की त्याच्या गटारातून पहिल्याच पावसात तांबडी माती थेट व्हाळात उतरते, वरचं छत उघडं पडलं की ऊन आत येतं आणि उघड्या कडेनं रानमोडीचं तण माजतं, तिथं परत मूळ रान यायला पिढ्या जातात. शेकरू फांदीवरून फांदीवर जाणारं जनावर, त्याची वाट तुटते. आणि पावसाळ्यात रात्री रस्त्यावर बेडूक, साप किती चिरडले जातात ते अनमोड घाटातनं सकाळी लवकर गेलेल्या कुणालाही विचारा.

धबधब्याच्या तोंडाशी जिथं तुषार उडतात ती जागा तर फारच नाजूक. तिथल्या दगडावर बारीक बारीक तेरडे येतात, नेचे येतात. रात्री बाहेर पडणारे काही बेडूक आहेत आपल्या घाटातले, ते व्हाळावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतात, पिल्लं तयार झाली की थेट खाली पाण्यात पडतात. आता तुम्ही फोटोत मधे येते म्हणून ती फांदी मोडली की झालं, एक पिढी गेली. शीळ घालणारा कस्तूर पावसाळ्यात अशाच जागी, दगडाच्या कपारीत, कधी पडत्या पाण्याच्या मागेच घरटं करतो, पहाटे त्याची शीळ ऐकलीत तर वाटेल कुणी माणूसच रानातून गाणं म्हणत चाललाय. ब्लूटूथ स्पीकर लावून आलेल्यांना तो ऐकू येत नाही, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांनाही येत नाही. साबण, शाम्पू लावून धबधब्याखाली आंघोळ करणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं, पाण्यावर चालणारे ते किडे असतात ना, ते पाण्याच्या वरच्या ताणावर उभे असतात, साबणाचा फेस आला की तो ताण तुटतो आणि ते बुडतात. त्यांच्यावर मासे जगतात. तुमची पाच मिनिटांची आंघोळ, पण खाली किती लांबवर जाते ती.

आता जिवाच्या धोक्याचा मुद्दा, कारण त्या वाचकांचा खरा मुद्दा तोच होता आणि तो खोटा नाही. 2023 च्या जुलैत नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापीच्या धबधब्यात दोघं बुडाले, त्यानंतर अभयारण्यातल्या धबधब्यांवर सरसकट बंदी आली. 2024 साली 30 जूनच्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला, मधोमध दगडावर एकमेकांना धरून उभे होते ते, काठावरचे लोक ओरडत होते आणि कुणालाच काही करता येत नव्हतं. मला अजून तो आठवला की कसंतरी होतं. आणि त्याच्या पुढच्याच रविवारी, 7 जुलैला, आपल्या सत्तरीत पालीच्या धबधब्यावर गेलेले शंभरावर लोक पाणी वाढल्यानं पलीकडे अडकले, अग्निशमन दल आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. आठ दिवसांपूर्वीची ती बातमी डोळ्यांसमोर असूनही लोक गेले होते.

हे का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. धबधब्यापाशी ऊन पडलेलं असतं, आपण पाण्यात असतो, आणि त्याच वेळी वर घाटमाथ्यावर कुठंतरी धो धो पाऊस पडत असतो जो आपल्याला दिसत नाही, ऐकूही येत नाही. ते सगळं पाणी उतारानं गोळा होऊन त्याच एका अरुंद वाटेनं खाली येतं. काही मिनिटांत घोट्याएवढं पाणी कमरेएवढं होतं, आणि कमरेएवढ्या वेगवान पाण्यात पट्टीचा पोहणाराही उभा राहू शकत नाही. खालची कोंड, म्हणजे डोह, वरून शांत दिसते पण पडत्या पाण्यानं आत खड्डा झालेला असतो, पाणी खालून ओढतं, दगडांवर बुळबुळीत शेवाळ, आणि जिथं पांढरा फेस आहे तिथं पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की माणूस नेहमीसारखा तरंगतच नाही. समुद्रात पोहणारे म्हणतात आम्हाला येतं पोहायला, पण हे पाणी वेगळं.

गावच्या माणसाला हे कळतं. नेत्रावळीचा एक गाईड मुलगा आम्हाला एकदा अर्ध्या वाटेवरून परत घेऊन आला, ऊन होतं, आभाळ मोकळं होतं, बरोबरची मंडळी नाराज झाली. तो फक्त एवढंच म्हणाला, "आयज फुडें नाका, व्हाळ तांबडो जाला." वाटेत व्हाळ ओलांडताना त्यानं बघितलं होतं, पाण्याचा रंग बदललाय, पाला नि काटक्या वाहून यायला लागल्यात, आवाज जड झालाय. ती खूण असते. आणि माझा सगळा मुद्दा इथं येतो, की ही खूण चालणाऱ्यालाच दिसते. पायी जाणारा माणूस वाटेत दोन ठिकाणी व्हाळ बघतो, ओलांडतो, पाणी किती आहे ते त्याच्या पायांना कळलेलं असतं. गाडीतून थेट धबधब्यासमोर उतरलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं, त्याला फक्त सुंदर पाणी दिसतं आणि तो त्यात उतरतो. शिवाय रस्ता झाला की एका वेळी पन्नास माणसं असायची तिथं पाचशे होणार, बसगाड्या येणार, आणि पाणी वाढलं की त्या पाचशेंना एकदम बाहेर कोण काढणार? म्हणजे सुरक्षिततेसाठी रस्ता हे गणित उलटंच आहे. हरवळ्याच्या धबधब्याला रस्ता आहे, पायऱ्या आहेत, रेलिंग आहे, तरी तिथंही माणसं बुडालेली आहेत.

बंदीबद्दलही सांगते. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, धबधबे, नद्या, बंद पडलेल्या खाणींचे खड्डे इथं उतरू नये म्हणून, आणि तो योग्यच आहे, जुलैच्या भर पावसात मैनापीला जायची काही गरज नाही. पण सरसकट बंदी घातली, चार दिवसांनी सैल केली, परत कुठं काही झालं की परत कडक, असं चाललं की लोक बंदीला मानेनासे होतात, चेकपोस्ट चुकवून मागच्या वाटेनं जातात, आणि मागच्या वाटेला ना गाईड असतो ना मोबाईलला रेंज. 2023 च्या जुलैत दूधसागरला रेल्वे रुळावरून चालत गेलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. रुळावरून जाणं अतिशय धोक्याचं, त्या घाटात बोगदे आहेत, वळणं आहेत, गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नाही, त्यामुळे रोखलं ते बरोबरच. पण उठाबशा काढून ती पोरं दुसऱ्या धबधब्यावर गेलीच असतील. त्यांना जाण्याची एक सरळ, सुरक्षित, नोंद होणारी वाट द्या ना.

अशी वाट कशी असते ते बघायला फार लांब जायला नको. साताऱ्याला कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं, आसपासच्या गावांतल्या लोकांची समिती आणि वनखातं मिळून ते चालवतात, गावातलीच मुलं वाट दाखवायला असतात. तिथंही कुरकुरी असतील, पण फुलं तुडवणं कमी झालं आणि गावाला चार पैसे मिळाले. कास काय आणि आपलं रान काय, एकाच सह्याद्रीतलं आहे, ज्याच्या काही भागांना 2012 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं 1999 साली जाहीर झाली, प्रत्येकी 200 चौरस किलोमीटरच्या वर, एवढ्या लहान राज्यानं एवढं रान राखून ठेवलं याचा मला अभिमान वाटतो. पण त्या रानाच्या कुशीत जी गावं आहेत, वेर्ले, साळगिणी, तुडव, तिथल्या आमच्या वेळीप आदिवासी भावंडांना या अभिमानातून काय मिळालं? जमिनीच्या हक्काच्या कागदांसाठी किती कुटुंबं अजून खेटे घालतायत. त्यांना रानाची प्रत्येक वाट ठाऊक आहे, कुठल्या झाडाखाली कधी आळमी (रानअळंबी) उगवतात ते ठाऊक आहे, कुठला व्हाळ कधी चढतो ते ठाऊक आहे. रस्ता झाला तर रस्त्याचं कंत्राट बाहेरचा घेईल, पार्किंगचं दुसरा कोणी बाहेरचा, आणि यांच्या वाट्याला येईल वेफर्सची पाकिटं गोळा करणं. पायवाट राहिली तर गाईड लागतो, आणि गाईड गावातलाच लागतो. हा हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक गटाबरोबर गावातला एक माणूस सक्तीचा करा, त्याला प्रशिक्षण द्या, बुडणाऱ्याला बाहेर कसं काढायचं, छाती दाबून श्वास कसा परत आणायचा, एक लांब दोर आणि एक शिट्टी त्याच्याकडे असू द्या. किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, दूधसागरलाही नेमलेत, मग सावरीच्या, पालीच्या, हिवऱ्याच्या वाटेवर का नकोत? सकाळी सोडा, दुपारी तीनच्या आत सगळे बाहेर, कारण पावसाळी दिवसात चारलाच रानात अंधारून येतं. गटागटानं सोडा. व्हाळ ओलांडायच्या जागी दगडावर रंगाची रेघ मारा, पाणी रेघेच्या वर गेलं की त्या दिवशी वाट बंद, मग समोर मंत्र्यांचा पाहुणा असो नाहीतर आणखी कुणी. ‘बंद’ हा निर्णय चेकपोस्टवरच्या माणसाला घेता आला पाहिजे आणि घेतल्यावर त्याच्या पाठीशी खातं उभं राहिलं पाहिजे, ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण सुट्टीच्या दिवशी पंचवीस गाड्या घेऊन आलेल्या लोकांना परत पाठवणं म्हणजे शिव्या खाणं. मी स्वतः बघितलंय एका गार्डला दारू प्यालेल्या टोळक्याकडून काय काय ऐकून घ्यावं लागलं ते, बिचारा एकटा होता.

दारूवरून आठवलं. पर्यटनस्थळांवर उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं, बाटल्या फोडणं यासाठी आपल्याकडे 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दंड ठेवला, तेव्हा तो एकट्याला 2000 आणि गटाला 10,000 रुपये होता. तो रानाच्या तोंडावर, चेकपोस्टवर पिशव्या उघडून लागू करा, आत जाऊन कुणाच्या मागे धावणार? काचेची बाटली आतच जाता कामा नये. कोंडीच्या तळाशी फुटलेली काच एकदा गेली की ती कुणीच काढू शकत नाही, आणि अनवाणी उतरणारी पोरं गावचीच असतात.

आणि हे पाणी शेवटी कुठं जातं याचा आपण मडगाव-वास्कोत, फोंडा-पणजीत बसलेले लोक विचारच करत नाही. नेत्रावळीच्या बाजूचे व्हाळ साळावली धरणाकडे जातात, तिथून दक्षिण गोव्याचे नळ भरतात. दूधसागरचं पाणी खांडेपार नदीत येतं, तिच्यावर ओपाचा प्रकल्प, तिथून फोंडा आणि पणजीला पाणी. म्हादईसाठी आपण मोर्चे काढतो, कर्नाटकानं पाणी वळवलं तर गोवा सुकेल म्हणतो, 2018 च्या लवादाच्या निवाड्यातले टीएमसीचे आकडे आपल्याला तोंडपाठ आहेत, आणि ते सगळं योग्यच आहे, मीही त्या मोर्चात चालले आहे. पण मग त्याच म्हादईच्या आणि जुवारीच्या उगमाकडच्या रानात आपणच डंपर घालून रस्ते काढायचे म्हटलं तर कुठल्या तोंडानं बोलणार? 2020 साली मोलेचं अभयारण्य वाचवायला सगळा गोवा उभा राहिला, चांदरला लोक रात्रभर रेल्वेच्या रुळांपाशी होते, आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या रानातून जाणाऱ्या दुपदरी रेल्वेमार्गाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला आपण नको म्हटलं ते रान तुकडे होऊ नये म्हणूनच ना? मग धबधब्यासाठी दोन किलोमीटरचा रस्ताही त्याच रानाचे तुकडे करतो, छोटे तुकडे, एवढंच.

आता त्या वाचकांच्या आईचा प्रश्न, तो मी टाळणार नाही. वयस्कर माणसांनी, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांनी धबधबा बघूच नये असं कोण म्हणेल. आपल्या नशिबानं गोव्यात अशाही जागा आहेत जिथं गाडी जवळ जाते. साखळीजवळचा हरवळ्याचा आहे, शेजारी रुद्रेश्वराचं देऊळ, जवळच कातळात कोरलेल्या लेण्या, तिथं आजीला घेऊन अख्खी सकाळ जाते. काणकोणात गावडोंगरीच्या बाजूला बामणबुडो रस्त्यालगतच आहे. चोर्ला घाटातून पावसाळ्यात समोरच्या कड्यावरचे धबधबे लांबून दिसतात, आणि दूधसागर रेल्वेच्या खिडकीतून दिसतो, 310 मीटर उंचीवरून येणारं पाणी खिडकीसमोरून जातं तेव्हा डब्यातली सगळी माणसं एका बाजूला येतात, माझ्या सासूबाईंनी तसाच बघितला आणि तीन दिवस तेच बोलत होत्या. या जागा नीट करा, तिथं रॅम्प करा, धरायला कठडे करा, स्वच्छ संडास करा, बसायला बाक ठेवा, पैसा तिथं खर्च करा. पण जे धबधबे आज रानाच्या आत आहेत ते आतच राहू द्या.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण दरवेळी कुणी ना कुणी विचारतं. जळू लागली तर किंचाळू नका, मीठ ओतू नका, नखानं कडेनं सरकवा, सुटते, रक्त थोडा वेळ वाहत राहतं कारण ती रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते, धुवा आणि दाबून धरा, काही होत नाही. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट घाला, चपला नकोत. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, पाणी असतं, वाट कमी निसरडी असते आणि ओल्या मातीवर फुलपाखरं बसलेली दिसतात. उन्हाळ्याकडे सत्तरीच्या रानात जाणार असाल तर गोचिडांपासून जपा, तिथं 2015 पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर अंग तपासा, ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आठवणीनं सांगा. आणि गावात जेवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा, ऐनवेळी वीस माणसांचं जेवण मागणं बरं नाही, घरच्या बायकांना किती पळापळ होते.

शेवटी, संपादक महाशय, एक विनंती तुम्हालाही आहे. जूनचा पहिला पाऊस पडला की सगळ्याच पेपरांच्या रविवारच्या पुरवण्यांमधे धबधब्यांचे मोठे रंगीत फोटो येतात, खाली नाव आणि पोहोचायचं कसं एवढंच, आणि पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग. फोटो जरूर छापा, सुंदर असतात, पण त्याच चौकटीत तो धबधबा आज खुला आहे की बंद, चेकपोस्टची वेळ काय, गाईड कुठं मिळतो, गेल्या वर्षी तिथं काय घडलं होतं, हेही छापा. आणि पावसाळ्यात शुक्रवारच्या अंकात वनखात्याकडून माहिती घेऊन त्या शनिवार-रविवारी कुठली वाट बंद राहणार याची चार ओळींची चौकट रोज हवामान छापता तशी छापायला सुरुवात केलीत तर आमच्या नेत्रावळीच्या गाईड पोरांना लोकांशी वाद घालताना दाखवायला हातात पेपर तरी असेल.

आपली,
एक नियमित वाचक,
कुडचडे